फीमाचं पदक आणि फेदोस्याचा पाव

फेदोस्याचा आवाज नदीपलीकडे ऐकू जायचा. ही बढाई नाही. पलीकडच्या गावातल्या बायका तिच्या हाकेवर आपापल्या गाई सोडायच्या. आमच्या काल्योनोव्कातल्या सामूहिक शेतीच्या गोठ्यात ती दूध काढायची. हाडापेराने दणकट, रागाला जवळची आणि हसायला त्याहून जवळची. नवरा लढाईच्या आधीच जंगलतोडीत झाड अंगावर पडून गेला. मागे एकुलता एक एफीम. गावाचा एफीम, तिचा फीमा. हा फीमा लढाऊ विमान उडवतो असं तिला कळलं, तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला होता, "आणि खाली कोण उतरवतं?"

आमच्याकडे पोरगा लढाईला निघाला की आई एक अख्खा काळा पाव त्याच्यासमोर धरते. त्याने एकच घास चावून घ्यायचा. उरलेला पाव फडक्यात बांधून देवाच्या तसबिरीमागे ठेवायचा, आणि तो त्यानेच परत येऊन संपवायचा. तोवर पाव वाट बघतो, आणि ज्याचा पाव वाट बघतोय त्याला मरायला फुरसत नसते. शहाण्या माणसांना हे पटत नाही. पटत नसेल तर त्यांनी स्वतःचा पोरगा एकदा लढाईवर धाडून बघावा.

फेदोस्याने तो पाव पोटच्या पोरासारखा सांभाळला. उन्हाळ्यात वाळवला, पावसाळी हवेत चुलीपाशी नेऊन शेकला. उंदरांसाठी शेजारणीची मांजर मागून आणली. उपासमारीच्या हिवाळ्यात ती पिठात गवताचं बी मिसळून खायची, तेव्हाही त्या फडक्याची गाठ सुटली नाही. पाव आहे म्हणजे फीमा आहे, एवढाच तिचा हिशेब होता.

चव्वेचाळीसच्या वसंतात, रस्त्यांचा नुसता राडा झालेला असताना, फीमा न कळवता घरी आला. खांद्यात गोळी लागून तो इस्पितळात होता. बरा झाल्यावर पलटणीत परतण्याआधी त्याला दोन दिवसांची रजा मिळाली होती. घरात कोणी नव्हतं. पोटात कावळे ओरडत होते. त्याने इकडेतिकडे हुडकलं, आणि मग त्याची नजर तसबिरीकडे गेली.

फेदोस्या गोठ्यातून आली, दारातच किंचाळली, त्याच्या गळ्यात पडली. गालांचे, कपाळाचे, बऱ्या खांद्याचे, दुखऱ्या खांद्याचे, सगळ्यांचे मुके घेऊन झाले. फीमा हसत म्हणाला, "आई, पावाचा पार दगड झाला होता गं! कढत पाण्यात बुडवून बुडवून खाल्ला. पण संपवला. रीतीप्रमाणे!"

"कुठला पाव?"

"माझाच की. तसबिरीमागचा."

"सगळा?"

"कणसुद्धा नाही ठेवला." हे त्याने छाती फुगवून सांगितलं.

फेदोस्याचे हात त्याच्या गळ्यातून सुटले. "मेल्या, लढाई संपली का?"

"संपत आलीय."

"तू परत जाणार आहेस की नाही?"

"जाणार तर. परवा सकाळी."

"मग परत आल्यावर खायचा पाव तू परत यायच्या आधीच खाल्लास!"

"अगं, आलोय ना मी. हा काय समोर बसलोय!"

"ह्याला येणं म्हणत नाहीत, टोणग्या! ही नुसती भेट!"

तिने ओलं फडकं त्याच्या पाठीत हाणलं. मग त्याच्यापुढे उकडलेले बटाटे आणि दूध ठेवलं, आणि तो खात असताना पाठमोरी होऊन रडली. फीमाला वाटलं, आईला आनंद झालाय.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं गाव तिच्या घरात जमलं, कारण फीमाच्या छातीवर धैर्यपदक होतं. चांदीचं, गोल, करड्या फितीला टांगलेलं. वर तीन विमानं, मध्ये लाल अक्षरं आणि खाली रणगाडा. आणि नवं पदक दारूत बुडवून, ती दारू पिऊन साजरं केल्याशिवाय अंगाला लागत नाही, ही सैनिकांची रीत गावालाही ठाऊक होती. कोन्द्रात आजोबांनी बटाट्याची घरगुती दारू आणली होती. सरकारी माणसासमोर तिला ते खांदेदुखीचं औषध म्हणत.

"काय रे फीमा," आजोबांनी पदक डोळ्यांजवळ धरून विचारलं, "तू विमानवाला. मग ह्याच्यावर रणगाडा कशाला?"

"आजोबा, विमानातून खाली बघितलं की काय दिसणार?"

सगळी माणसं खदखदून हसली. फेदोस्या हसली नाही. ती उस्तीन्याला कोपऱ्यात घेऊन बसली होती. उस्तीन्या तिची शेजारीण, त्या मांजरीची मालकीण. रीतीभाती विचारायच्या तर तिलाच. तिचा पोरगा अर्स्येनी फीमाबरोबरच लढाईला गेला होता. गेल्या शरदात तो पडल्याची सरकारी चिठ्ठी आली. त्याचा चावलेला पाव अजून तिच्या घरी तसबिरीमागेच होता आणि तो काढ म्हणायची कोणाची हिंमत नव्हती.

"उस्तीन्या, नवा पाव भाजला आणि त्याला पुन्हा चावायला लावला तर?"

उस्तीन्याने मान हलवली. "एका लढाईला एकच घास, फेदोस्या. दुसऱ्यांदा चावला तर तो नुसता पाव."

आता पोरगा जाणार, आणि इथे त्याची वाट बघणारं काहीच उरणार नाही. त्याचं काहीतरी इथे राहायला हवं, जे घ्यायला त्याला यावंच लागेल. आणि नेमकं तेव्हाच पदकाचा पेला फिरायला लागला.

पदक टाकलेला पेला फीमाने उचलला, एका दमात रिकामा केला, पदक दातांत धरून वर काढलं. टाळ्या झाल्या. मग पेला पुन्हा भरला, पदक पुन्हा बुडालं, आणि एकेक जण घोट घेत पुढे देऊ लागला. कोन्द्रात आजोबांनी दोन घोट घेतले, तिसरा चोरून घेतला. सगळ्यात शेवटी पेला आईकडे आला. फेदोस्याने तो तळापर्यंत रिकामा केला, आणि पदक गालात सरकवून पेला पालथा घातला.

"काय फेदोस्या," आजोबा म्हणाले, "वाटतो की नाही पोराचा अभिमान?"

फेदोस्याने नुसती मान डोलावली. जन्मात पहिल्यांदा तिच्या तोंडून आवाज फुटला नाही. बायका एकमेकींना म्हणाल्या, ऊर भरून आलाय हो बिचारीचा! डोक्यावरच्या रुमालाच्या टोकाने तोंड झाकून ती कोठीत गेली. तिथे आंबवलेल्या पिठाची लाकडी बादली होती. त्या बादलीत घरच्या बाईखेरीज कोणी हात घालत नाही. पुरुषाचा हात लागला तर पीठ रुसतं. फेदोस्याने पदक तळापर्यंत दाबलं, वरून पीठ सारखं केलं, आणि हात धुऊन बाहेर आली.

"पदक कुठाय?" फीमा विचारत होता.

मग जी धमाल उडाली ती काही विचारू नका. बाकं उलटी झाली, चुलीतली राख चाळली गेली, मांजरीचं तोंड उघडून बघितलं. सगळ्यांत जास्त शोधत होती फेदोस्या. "असं कसं जाईल? पाय फुटले का त्याला?" असं ओरडत तिने तीनदा तेच बाक हलवलं. शेवटी कोणीतरी म्हणालं की कोन्द्रात आजोबांनी फार मोठा घोट घेतला होता.

"मी गिळलं? अरे, एवढी थाळी गिळायला मी काय बगळा आहे?"

"आजोबा, दात नाहीत तुमचे. अडवणार कोण?"

त्यांना आडवं करून पोट दाबून बघितलं. "टोचतंय का कुठे?" "तुमची बोटं टोचताहेत, गाढवांनो!" तरी पेलाभर जवसाचं तेल त्यांना पाजलंच. आजोबा संध्याकाळपर्यंत परसाकडे खेपा घालत राहिले आणि प्रत्येक खेपेला गाव आशेने त्यांची वाट बघत राहिलं. फेदोस्याला त्यांची दया येत होती, हसूही येत होतं. पण तिने तोंड उघडलं नाही.

निघायच्या दिवशी पहाटे तिने त्याच पिठाचा पाव भाजला. तळाचं विरजण नेहमीसारखं बादलीत राखलं, आणि त्यात पदक. फीमा टेबलाशी बसून कोटावरच्या रिकाम्या जागेवरून बोट फिरवत होता.

"काय म्हणतील रे तुझे साहेब?" तिने सहज विचारल्यासारखं विचारलं.

"आधी हसतील. मग विमानावरून उतरवतील. ज्याला स्वतःचं पदक सांभाळता येत नाही त्याच्या हाती विमान कोण देणार? गोदामात बटाटे मोजायला बसवतील."

फेदोस्याचा चेहरा असा उजळला की तो लपवायला ती चुलीकडे वळली. "बटाटे काय वाईट? खालीच असतात. पडत नाहीत."

फीमा हसला. "आई, पदक कशाबद्दल मिळालं हे तू विचारलंसच नाहीस."

"विमान पाडलं असशील एखादं."

"नाही गं. आमचा प्रोखोर आहे ना, माझा जोडीदार. त्याचं विमान पेटलं. तो हवाई छत्रीने उडी मारून शत्रूच्या बाजूला माळावर पडला. वरून दिसत होतं, दोन बाजूंनी माणसं त्याच्याकडे धावत होती. मी उतरलो माळावर."

"उतरलास?" फेदोस्या मटकन बाकावर बसली. "विमानात तर एकट्याची जागा ना?"

"माझ्या पाठीमागे कोंबला त्याला. गुडघे माझ्या मानेत. अख्खी वाट माझ्या कानात बोंबलत होता, 'मरू नकोस फीमा, घरी माझा पाव राहिलाय!' त्याची आई पेन्झाकडे असते. तिनेही ठेवलाय, तुझ्यासारखाच." त्याने डोकं खाजवलं. "मी खाली बटाटे मोजत असेन, आणि तो पुन्हा पडला, तर त्याला उचलायला कोण उतरेल?"

पेन्झाकडची ती बाई फेदोस्याने कधी पाहिली नव्हती, पण तिच्या घरातलं फडकं तिला डोळ्यांसमोर दिसलं, गाठीसकट. आणि लाजेने तिचे कान तापले. आपला पोरगा खाली राहावा म्हणून आपण दुसरीचा पोरगा माळावर सोडायला निघालो होतो.

ती उठली, कोठीत गेली, कोपरापर्यंत हात बादलीत घातला. बाहेर येऊन तिने पिठाने लडबडलेली फीत आणि पदक पाण्याच्या भांड्यात खळबळून धुतलं आणि टेबलावर आपटलं.

"आई!"

"बघतोस काय? आंबट पिठाने चांदी कशी लखलखीत निघते. साहेबाला सांग, आईने घासून दिलं."

"आणि कोन्द्रात आजोबा?"

"त्या म्हाताऱ्याचं पोट साफ झालं, उपकारच झाले त्याच्यावर."

पण पदक त्याच्या कोटावर लावताना तिला राहवलं नाही. "फीमा, मला भीती वाटते रे. तू पाव खाल्लास तेव्हापासून माझ्या घशाखाली घास उतरत नाही. इथे तुझी वाट बघायला काही उरलं नाही म्हणून लपवलं मी."

पोराने तिला मिठीत घेतलं. एवढा मोठा धैर्यपदकवाला, पण त्याच्याही डोळ्यांतून पाणी आलं.

बाहेर गाडी उभी होती. लगाम कोन्द्रात आजोबांच्या हाती होता, चेहरा पडलेला. पदक बघून त्यांनी आधी फीमाकडे, मग स्वतःच्या पोटाकडे पाहिलं. "माझं नाव निष्पाप म्हणून चावडीवर लिहा आता," ते म्हणाले. गाव निरोपाला जमलं होतं. फेदोस्या गरम पाव फडक्यात गुंडाळून बाहेर आली. तो वाटेत खायला द्यायचा पाव होता, पण तिच्या हातातून तो सुटेना.

उस्तीन्या गर्दीतून पुढे आली.

"उलगड ते फडकं," ती म्हणाली. "चावू दे त्याला."

"तूच म्हणालीस ना, दुसऱ्यांदा चावला तर नुसता पाव?"

"म्हणाले होते." उस्तीन्याने पावावरचं फडकं स्वतःच बाजूला सारलं. "माझ्या अर्स्येनीचा पाव मी रीतीने ठेवला, फेदोस्या. कणभर चूक केली नाही. तरी चिठ्ठी आली. मग ही रीत कोणाच्या घरची मोठी लागून गेली? कुठल्यातरी आईनेच घातली असेल, घाबरून. तू पण आईच आहेस. घाल तू दुसरी. चाव रे फीमा, मोठा चाव!"

फीमाने असा लचका तोडला की बायका ओरडल्या, "अरे, पुढच्या खेपेला काही ठेव!" गरम पावाने त्याची जीभ भाजली, तो नाचला आणि गाव पोट धरून हसलं. मग त्याने आईला वाकून नमस्कार केला, उस्तीन्यालाही केला, आणि गाडीत चढला. गाडी चिखल उडवत वळणाआड गेली.

फेदोस्या पाव छातीशी धरून उभी होती. उस्तीन्याने हळूच हात पुढे केले.

"माझ्याकडे देशील का गं ठेवायला?" ती म्हणाली. "तुझ्या घरात ठेवलास तर पुन्हा रजेवर येईल आणि खाऊन बसेल, त्याचा भरवसा नाही. आणि... मलाही कोणाची तरी वाट बघता येईल."

एरवी नदीपलीकडे ऐकू जाणारी फेदोस्या तेव्हा इतक्या हळू बोलली की शेजारच्यांनाही ऐकू गेलं नाही. तिने पाव उस्तीन्याच्या हातात ठेवला. दोघी मिळून तिच्या घरी गेल्या आणि त्यांनी तो अर्स्येनीच्या पावाशेजारी ठेवला.

पंचेचाळीसच्या शरदात फीमा आला, तो सरळ उस्तीन्याच्या दारात. पाव फोडायला कुऱ्हाड आणावी लागली. तो तुकडे भिजवून खात होता, समोर दोघी आया बसल्या होत्या, आणि शेवटचा तुकडा त्याने तोंडात टाकला तेव्हा दोघींनी एकदमच विचारलं, "आता कुठे जाणार नाहीस ना?"