खालचे काका आणि दीड हॉर्सपॉवर

पेट्रोलवर इतकं प्रेम आणि पेट्रोलवरच इतका संशय, ही दोन्ही एकाच माणसाच्या पोटात सुखाने नांदताना मी फक्त आमच्या खालच्या काकांच्या बाबतीत पाहिली. खालचे म्हणजे तळमजल्यावरचे. बोरिवलीच्या आमच्या चार मजली सोसायटीत वरचे काका, मागचे काका असे बरेच काका होते, पण नुसतं 'काका' म्हटलं की लोक जिन्याखालच्या त्या कोनाड्याकडे बघायचे. तीस वर्षं त्यांनी गिरणीत फिटर म्हणून काढली. संपानंतर गिरणी उघडली नाही आणि काका घरी बसले. त्याच सुमारास सोसायटीने दीड हॉर्सपॉवरचं एक जुनं पेट्रोल इंजिन पंपासकट विकत घेतलं, लाइट गेले तर गच्चीवरच्या टाकीत पाणी चढवायला. ते सांभाळणार कोण, असा प्रश्न मीटिंगमध्ये निघाला तेव्हा सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. पगार वगैरे काही नव्हता. जिन्याखालच्या कोनाड्याची किल्ली मात्र मिळाली. काकांनी ती जानव्याला बांधली, आणि काकू माझ्या बायकोला म्हणाल्या, "बरा झाला बाय. सकाळी उठान खंय जावचा, ता तरी समाजला."

पेट्रोल आणणं हा काकांच्या दृष्टीने मुलीसाठी स्थळ बघण्यासारखा प्रकार होता. डबा घेऊन ते सकाळी सातला निघत, कारण थंडाव्यात पेट्रोल नीट मापात मिळतं. पंपावर टँकर उभा दिसला की तसेच परत येत. "टँकर इलो की खालचो गाळ सगळो वर येता. आज घेतलास तर ता पेट्रोल न्हय, पेज," असं त्यांनी मला एकदा रस्त्यात थांबवून सांगितलं. माझ्या स्कूटरच्या टाकीत तीच पेज दहा मिनिटांपूर्वी गेली होती. पुढे पंप बदलून, टँकर चुकवून पेट्रोल मिळालं तरी ते थेट इंजिनात जात नसे. आधी त्याचा एक थेंब कागदावर टाकायचा. वाळून कागद कोरा झाला तर पेट्रोल खरं, डाग राहिला तर त्यात रॉकेल. यासाठी हाताला लागेल तो कागद चाले. माझा रजेचा अर्ज मी पाच मिनिटं त्यांच्या कठड्यावर ठेवला होता, त्यावर पेट्रोल नापास झालं. मग काकूंच्या जुन्या लुगड्याच्या चार पदरी तुकड्यातून ते गाळायचं. एकदा पाहुण्यांसाठी काकू त्याच तुकड्यातून ताक गाळणार होत्या, तेव्हा काका म्हणाले, "नको, तेका ताकाचो वास लागात."

तेलाच्या बाबतीत काका त्याहून अवघड. उन्हाळ्यात चाळीस नंबर, पावसाळ्यात तीस, यात तडजोड नाही. दुकानदाराने डबा पुढे केला की ते झाकण उघडायला लावत, थेंबभर तेल अंगठा आणि तर्जनीत चोळत आणि डोळे मिटून काही वेळ उभे राहत. मागे गिऱ्हाइकांची रांग लागे. एकदा तर दुकानदारानेच घाबरून विचारलं, "काका, बरं वाटतंय ना?" तेल बदलायचं तेही इंजिन गरम असताना, म्हणजे तळची घाण तेलाबरोबर निघून जाते. पातळी बघायची ती इंजिनाखाली गवंड्याची पाणसळ ठेवून. काढलेलं तेल ते बाटल्यांत भरून, वर 'गणपती', 'दिवाळी', 'होळी' अशा चिठ्ठ्या चिकटवून खिडकीत ओळीने ठेवत, आणि आल्यागेल्याला उजेडाकडे धरून दाखवत. इंजिन फारसं चालतच नसल्यामुळे सगळ्या बाटल्यांतलं तेल सारखंच सोनेरी असे. पण प्रत्येक बाटलीला निरनिराळी मान डोलवायची, हे आम्ही शिकलो होतो. ते तेल पुढे बिल्डिंगच्या बिजागऱ्यांत जाई. आमच्याकडे एकही दार कुरकुरत नसे. मी घरी कधी येतो तेच कळत नाही, अशी माझ्या बायकोची तक्रार होती.

राहिला प्लग. तो दर शनिवारी निघे, घासला जाई, आणि त्याच्या दोन टोकांमधली फट रेशनकार्डाच्या पुठ्ठ्याने मोजली जाई. त्यासाठी वेगळी पट्टी मिळते, पण काकांच्या मते सरकारी पुठ्ठ्याची जाडी भरवशाची. काकू ते कार्ड घेऊन रेशनच्या दुकानात गेल्या की दुकानदार ते नाकापाशी नेई आणि म्हणे, "बाई, यावर रॉकेल मिळतं. यात घालून न्यायचं नसतं." रविवारी सकाळी नऊला काका दोरी ओढत. एका ओढीत इंजिन सुरू होई आणि दहा मिनिटं नुसतंच, पाणी न उपसता चाले. मग काका पेट्रोलची चावी बंद करत आणि नळीत उरलेलं पेट्रोल संपून इंजिन आपणहून थांबेपर्यंत हात जोडून उभे राहत. "पोटात शिळा ठेवचा नाय," ते म्हणत. शिळ्या पेट्रोलचा चिकटा धरतो, हे खरंच आहे. पण ते सांगताना त्यांचा चेहरा असा होई, की जिन्यावरून उतरणारी माणसं पावलं न वाजवता जात.

आता एवढ्या सेवेनंतर या इंजिनाने चार वर्षांत किती पाणी चढवलं, असं कोणी विचारील. एक बादलीसुद्धा नाही. लाइट गेले की काका कोनाडा उघडत, पण तयारीशिवाय इंजिनाला हात लावणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. पेट्रोल कागदावर, मग लुगड्यातून, मग तेलाची पातळी, मग प्लग, मग रेशनकार्ड. हे सगळं व्हायला सव्वा तास लागे आणि आमच्याकडचे लाइट तासाभरात येत. वर नळ उघडून बसलेली मंडळी "काका, झालं का?" म्हणून विचारत, आणि खालून शांत उत्तर येई, "घाई करू नका. मशीन आसा, माणूस न्हय."

नवीन सेक्रेटरी आले आणि त्यांना हे पटेना. ते वाईट गृहस्थ नव्हते. जिन्याखाली पेट्रोल साठवणं धोक्याचं आहे हे त्यांचं म्हणणं बरोबर होतं, आणि त्यांच्या नव्या स्कूटरला जागा हवी होती हेही खरं होतं. मीटिंगमध्ये ठरलं, की दसऱ्याला इंजिनाची पूजा होते, त्या पूजेनंतर सगळ्यांसमोर इंजिन चालवायचं. गच्चीवरची टाकी भरली तर इंजिन राहील, नाहीतर विकून टाकायचं.  त्या आठवड्यात काकांनी प्लग तीनदा काढला आणि काकू आमच्या दारात येऊन माझ्या बायकोला म्हणाल्या, "रात्री झोपणत नाय. हाताक काम नसला, तर ह्यो माणूस वाचतलो असा माका वाटणा नाय गो."

दसऱ्याला काकांनी पहाटेपासून तयारी करून ठेवली होती, म्हणजे यावेळी उशीर होण्याचा प्रश्नच नव्हता. इंजिनाला झेंडूचा हार, हळदकुंकू, पंपावर आपट्याची पानं. काका इंजिनाच्या टाकीत शेवटचं गाळलेलं पेट्रोल ओतत होते, तेवढ्यात मुहूर्त टळतोय म्हणून गडबड झाली आणि सगळे पुढे सरकले. नारळ फोडायचा मान सेक्रेटरींचा. त्यांनी तो पंपाच्या लोखंडावर असा जोरात आपटला, की पहिल्याच फटक्याला दोन शकलं झाली. टाळ्या पडल्या. पाणी सगळीकडे उडालं. टाकीचं झाकण अजून काकांच्या हातात होतं.

दोरी ओढली आणि नेहमीप्रमाणे एका ओढीत इंजिन सुरू झालं. चार वर्षांत पहिल्यांदाच पाइप थरथरला. गच्चीवरून कोणीतरी ओरडलं, "आलं! पाणी आलं!" काकांनी वर पाहिलं आणि ते हसले. मग इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. टाकीखाली पेट्रोल गाळणारी काचेची छोटी वाटी असते. काकांनी वाकून पाहिलं, शेजारी उभा होतो म्हणून मीही पाहिलं. पेट्रोलच्या तळाशी नारळाचं पाणी पांढुरकं होऊन साचलं होतं. काकांनी सेक्रेटरींकडे पाहिलं. त्यांच्या दोन्ही हातांत शकलं होती आणि ते खोबरं कोणाकोणाला वाटायचं ते विचारत होते.

"काय झालं काका?"

"माझा चुकला," काका म्हणाले. "एक तास दिया माका. परत चालू करतंय."

"काका, तुमचा प्रत्येक वेळी एकच तास असतो हो," सेक्रेटरी म्हणाले, आणि सगळे हसले. मीही हसलो. अजून ते आठवलं की मला माझा राग येतो.

संध्याकाळी सोनं द्यायला मी खाली गेलो. "काका, तुम्ही सांगितलं का नाहीत? नारळाचं पाणी गेलं होतं!"

"देवाच्या नारळाक बोल लावू?" काका म्हणाले. "आणि नारळ फोडणाऱ्याक काय ठावक, पाणी खंय जाता? झाकण माझ्या हातात होता. फिटर मी." मग कागदातून आपट्याची दोन पानं काढून त्यांनी माझ्या हातावर ठेवली.

इंजिन गोराईच्या एका भाजीवाडीवाल्याने नेलं. महिन्याभराने काका मला म्हणाले, "येतस? बघून येवया." आम्ही लाँचने खाडी ओलांडली. वाडीत वांग्यांच्या ओळींच्या टोकाला ते इंजिन धडाधड चाललं होतं. अंगावर चिखल, तेल डांबरासारखं काळं, टाकीला झाकणाऐवजी फडक्याचा बोळा. मी श्वास रोखून काकांकडे बघत होतो. आता रेशनकार्ड निघणार, याबद्दल मला शंका नव्हती.

"रोज किती चालता?" त्यांनी विचारलं.

"सकाळी दोन तास, सांजच्याला दोन तास," वाडीवाला म्हणाला. "मिळेल ते पेट्रोल घालतो. एका दोरीत उठतो बघा. कोणी सांभाळला व्हता एवढा?"

मी काकांकडे बोट दाखवलं. वाडीवाल्याने हात पुसले. "काका, गावात सात-आठ पंप आहेत, अर्धे बंद. समजणारा माणूसच नाय. सोमवारी याल काय?"

"बघतंय," काका म्हणाले.

परतताना ते लाँचच्या कडेला पाण्याकडे बघत बसले होते. मग म्हणाले, "चार वर्षांत मी तेका जेवढा चालवलंय, तेवढा तो थंयसर दहा दिवसांत चाललो. माझ्याकडे उगीच रवलो."

"तुम्ही सांभाळलंत म्हणून तर चालतंय, काका."

"सांभाळूक काय, कपाटातली पैठणी पण सांभाळतत," ते म्हणाले. 

सोमवारी सकाळी सहाला काकू आमच्या दारात उभ्या होत्या. हातात काकांचा गिरणीचा तीन पुडांचा डबा. इतकी वर्षं माळ्यावर पडून त्याची कडी गच्च बसली होती, ती उघडून हवी होती. मी उघडून दिली आणि डबा धुऊन खाली घेऊन गेलो. काकूंना डब्याचं माप राहिलं नव्हतं. चार भाकऱ्या, सुकटीचं कालवण, भात, आणि अजून स्टोव्हवर काहीतरी चाललंच होतं. काहीही भरलं तरी त्यांना कमी वाटत होतं. काका इस्त्रीचा शर्ट घालून, पायात चपला सरकवून दारात उभे होते.

"आटप गो," ते म्हणाले, "लाँच चुकात." त्यांना घाई झालेली मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.