चिंचेखालचा गोफ

गोऱ्या लोकांचा वसंत त्यांच्या देशात मे महिन्यात येतो. नगरात मे महिन्यात कौलं तापतात, विहिरींचे तळ दिसू लागतात आणि ज्याला जमेल तो गोरा माणूस महाबळेश्वर गाठतो. म्हणून इथल्या गोऱ्यांनी आपला वसंत अलीकडे ओढून घेतला होता. ईस्टरनंतरच्या शनिवारी, ऊन चढायच्या आत, भिंगारच्या छावणीजवळच्या बागेत त्यांचा मेळा भरे. छावणीतले साहेब, त्यांच्या मडमा, मिशनची माणसं, दवाखान्यातल्या नर्सा. रंगवलेली अंडी गवतात लपवायची, पोत्यात पाय घालून शर्यती करायच्या, आणि मधोमध एक उंच खांब उभा करायचा. खांबाच्या टोकाला रंगीत फिती बांधलेल्या. मुलं एकेक फीत धरून खांबाभोवती नाचत फिरली, की फितींची वीण खांबावर हळूहळू खाली उतरत येई. आपल्या गावापासून समुद्रांपलीकडे राहणारी ती माणसं त्या खांबाकडे बघताना खुर्च्या जरा जवळ ओढून घेत.

मिशनच्या बोर्डिंगातल्या मुलीही दर वर्षी या मेळ्याला जात. पांढरे एप्रन घालून चहाचे ट्रे धरायला.

त्या बोर्डिंगच्या मेट्रन दीनाबाई साळवे. शेवगावकडच्या एका खेड्यात, मिशनच्या शाळामास्तरांच्या घरी त्यांचा जन्म. सतराव्या वर्षी लग्न झालं आणि त्याच वर्षी मानमोडीच्या तापाच्या साथीत नवरा गेला. त्या नगरला आल्या त्या बोर्डिंगात भाकरी थापायला. पुढे शिवण शिकल्या, मग शिकवू लागल्या, मग किल्ल्यांचा जुडगा त्यांच्या कमरेला आला. उंचीनं बेताच्या, बोलायला सावकाश. पण एखादी गोष्ट मनात धरली की ती सुटत नसे. मुलींना कंपाउंडच्या विहिरीत पोहायला शिकवायचं त्यांनी ठरवलं, तेव्हा आठवडाभर कुणाला दुसरा विषय नव्हता. लोक बोलत राहिले आणि मुली पोहायला शिकल्या.

१९४४ सालच्या उन्हाळ्याच्या तोंडावर दीनाबाई एका मुलीचं औषध आणायला दवाखान्यात गेल्या होत्या. तिथं मिस विनी पट्ट्या गुंडाळत बसल्या होत्या. मिस विनी म्हणजे दवाखान्यातल्या सर्वांत जुन्या नर्स. इंग्लंडातल्या कुठल्याशा खेड्यातल्या. निवृत्त होऊन त्या कधीच परत गेल्या असत्या, पण लढाईमुळे बोटी बंद होत्या. मराठी त्या शिकल्या रोग्यांकडून, त्यामुळे त्यांच्या तोंडी पुस्तकातलं एकही वाक्य नव्हतं.

"औंदा खांब न्हाई, दीना," त्या म्हणाल्या.

"का हो, बाई?"

"पोरं कुठं हायेत? निम्मी उटीच्या शाळंत, निम्मी लढाईच्या आधीच धाडली घरला. आता मी काय माझ्या गावचा खांब बघत न्हाई. इथला तरी बघत हुते."

त्या हसल्या, पण पट्टीचं टोक त्यांच्या हातून निसटलं आणि गुंडाळी घरंगळत गेली. दीनाबाईंनी ती उचलून दिली.

"बाई, ते फितींचं विणणं म्हणजे आमचा गोफच. आमच्या मुली करतील."

"आन् चहा कोन देईल?"

"या वर्षी नाही देणार. त्या खेळतील."

मेळ्याची व्यवस्था मिसेस ग्रे या कर्नलसाहेबांच्या मडमेकडे होती. मिस विनींनी तिच्याशी बोलणं केलं. मडम कबूल झाली, पण तिनं एक अट घातली. मेळ्याच्या दोन दिवस आधी बागेत तालीम दाखवायची. नीट जमत नसेल तर मुली नेहमीसारख्या ट्रे घेऊन उभ्या राहतील. दीनाबाईंनी हे मुलींना जसंच्या तसं सांगितलं. थोराड बांध्याची लिडिया म्हणाली, "म्हणजे जमलं नाही तर एप्रन." दीनाबाई म्हणाल्या, "जमेल."

पहिली अडचण घरातलीच निघाली. मिशनच्या ख्रिस्ती मंडळीचे पाळक योहान भिंगारदिवे संध्याकाळी बोर्डिंगच्या ओट्यावर येऊन बसले.

"दीनाबाई, गोफ गोकुळअष्टमीला विणतात."

"विणतात. पण दोरांना काय ठाऊक, आज कोणता सण आहे ते?"

"दोरांना नसेल. गाण्याला असतं."

याचं उत्तर दीनाबाईंनी तयार ठेवलं होतं. चाल जुनीच ठेवून त्यांनी नवे शब्द रचले होते: ईस्टरच्या पहाटे सुगंधी द्रव्यं घेऊन कबरेकडे निघालेल्या बायका. त्यांनी ते म्हणून दाखवलं. पाळकांनी डोळे मिटून ऐकलं.

"चांगलं आहे. शब्द हेच. जुना एक शब्द जरी कानावर आला, तरी मला ही गोष्ट मंडळीच्या पंचांपुढे न्यावी लागेल. मग बोर्डिंगच्या किल्ल्यांचंही बोलणं निघेल, दीनाबाई. मी आधीच सांगतो."

"सांगितलंत ते बरं केलंत."

पाळकांची आई मालनबाई त्यांच्याबरोबर आली होती आणि आत तांदूळ निवडत होती. तिथूनच ती म्हणाली, "नव्या शब्दावं पाय उचलत न्हाईत गं. पर तू कर."

गोफ नेमका ठाऊक होता तो या मालनबाईलाच. दीनाबाईंनी लहानपणी तो पाहिला होता, पण नुसता पाहिला होता. मालनबाईचे भाऊ दर वर्षी विणायचे, आणि ती पोरवयात कुडाला टेकून गाणी म्हणायची. तिनं आठ चिंध्या घेतल्या आणि बसल्या जागी बोटांनी वीण दाखवली. समोरासमोरच्या दोघींनी मधोमध येऊन एकमेकींची जागा घ्यायची. मग पुढच्या दोघींनी. मग त्याच्या पुढच्या. चुकलं की पुढे रेटायचं नाही. जिथं चुकलं तिथवर उलट यायचं.

दोरांसाठी कापड नव्हतं. कापडावर कंट्रोल होता. दीनाबाई कंपाउंडातल्या घरोघर फिरल्या आणि विरलेल्या लुगड्यांचे काठ मागून आणले. काठ सर्वांत शेवटी विरतात. लाल, जांभळे, पिवळे काठ जोडून आठ लांब दोर झाले. ते एका लोखंडी कडीत ओवून बोर्डिंगच्या अंगणातल्या लिंबाला टांगले, आणि रोज संध्याकाळी दीनाबाई बाजूला उभ्या राहून गायच्या, मुली विणायच्या. पहिल्या दिवसांत नुसता गुंता व्हायचा. नंतर एक दिवस लिंबाखाली मनगटाएवढा जाड, घट्ट, सुबक गोफ उतरला आणि तसाच उलगडलाही. मुली आनंदानं ओरडल्या. दीनाबाई म्हणाल्या, "पुन्हा."

तालमीच्या दिवशी त्या आठ जणींना घेऊन बागेत गेल्या. माळ्यांनी खांब उभा करून ठेवला होता. पांढरा रंग, टोकाला फुलांची चकती. दोर कडीसकट चकतीला बांधले. दीनाबाईंनी गाणं धरलं. लिडिया आणि तिच्या समोरची हन्ना सरावाप्रमाणे मधोमध आल्या, आणि लिडियाचं कपाळ खांबावर आपटलं. आवाज केवढा तरी झाला.

दीनाबाई जागच्या जागी थिजल्या. दवाखान्यात, बोर्डिंगात, रस्त्यात इतके दिवस त्या 'खांब, खांब' ऐकत होत्या, आणि त्यांच्या डोळ्यांपुढे मात्र वर टांगलेले दोरच होते. मधोमध खांब असणार, हे त्यांना सुचलंच नव्हतं. गोऱ्यांची मुलं खांबाभोवती फिरतात. आपल्या मुली मधून ओलांडतात.

मिसेस ग्रे आधी खूप हसली, मग तिनं लिडियाच्या कपाळावर ओला रुमाल ठेवला आणि मग मिस विनींना म्हणाली की हे काही जमायचं नाही, मुली चहाच देऊ देत.

"काय म्हणाल्या?" दीनाबाईंनी विचारलं. मिस विनींनी सांगितलं.

दीनाबाईंनी बागेत नजर फिरवली. कुंपणाच्या आत एक जुनी चिंच होती. तिची एक फांदी आडवी पसरली होती.

"त्यांना सांगा, तिथं टांगतो."

"मडम म्हनती, खांब रंगवून झालाय. मंग त्येचं काय करायचं?"

"राहू द्या की. उभा राहू द्या."

मिस विनींनी इंग्रजीत काय सांगितलं ते कुणाला कळलं नाही. वाक्य मात्र दीनाबाईंच्या वाक्यापेक्षा पुष्कळ लांब होतं. मडम खांद्यांनी 'बघा काय ते' म्हणाली. माळ्याच्या शिडीवर दीनाबाई स्वतः चढल्या. कपाळावर टेंगूळ घेऊन लिडियानं खालून कडी दिली. त्या सकाळी गोफ चिंचेखाली उतरला. मडमेनं मान हलवली. मुली खेळणार होत्या.

शनिवारी पहाटे हन्ना उठली ती गाल धरून. गालगुंड. एका बाजूनं चेहरा पपनसासारखा फुगलेला. मुली हन्नाकडे आणि मग दीनाबाईंकडे बघू लागल्या. सात जणींचा गोफ होत नाही. नवीन मुलगी दोन तासांत तयार होत नाही.

"मी उभी राहते," दीनाबाई म्हणाल्या.

"तुम्ही? सगळ्यांपुढं?" लिडिया म्हणाली. "पाळकसाहेब असतील तिथं."

"असू देत. मला काय वीण येत नाही?"

बाग भरली. खांबापाशी उरलीसुरली पाच गोरी मुलं फेर धरून गेली, टाळ्या झाल्या. मग सगळ्यांनी खुर्च्या चिंचेकडे वळवल्या. कंपाउंडातल्या बायका कडेला गवतावर बसल्या, त्यांच्यात मालनबाई. पाळक गोऱ्यांच्या रांगेत शेवटच्या खुर्चीवर. त्रेचाळीस वर्षांच्या मेट्रनबाईंनी पदर खोचला, किल्ल्या काढून गवतावर ठेवल्या आणि हन्नाचा जांभळा दोर हातात घेतला.

गाणं त्यांनीच सुरू केलं. पण बाजूला उभं राहून गाणं वेगळं आणि विणता विणता गाणं वेगळं. तिसऱ्या ओलांडणीला त्यांना धाप लागली. पाचव्या वेळी शब्द तुटले. मुलींची पावलं गाण्यावर टेकलेली होती. गाणं थांबलं तशी एक दचकली, एक चुकीच्या बाजूनं निघाली. दोर एकमेकांत अडकले.

तेवढ्यात गवतावरून म्हाताऱ्या, चिरक्या, पण न डगमगणाऱ्या आवाजात गाणं उठलं. मालनबाई गात होती. चाल तीच. शब्द मात्र तिच्या भावांचे: गौळणी, घागरी, यमुनेचा घाट, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी कृष्णाचं नाव. नवे शब्द तिनं रोज संध्याकाळी ऐकले असतील, पण तिच्या गळ्यात ते उतरलेच नव्हते.

पाळक उभे राहिले.

दीनाबाईंना ते दिसले. दोर टाकून 'थांबा' म्हणणं सोपं होतं. मुली ट्रेकडे गेल्या असत्या आणि कुणी काही बोललं नसतं. त्या लिडियाला म्हणाल्या, "दोन पावलं मागं. गुंता काढ. हां, आता चल."

"आई," पाळक दबक्या आवाजात म्हणाले.

मालनबाईनं कडवं पुरं केलं, श्वास घेतला आणि म्हणाली, "बस रं खाली. पोरींची वीण सुटंल." आणि पुढचं कडवं धरलं. त्या आवाजावर आठ जणी अशा विणू लागल्या, जशा लिंबाखालीही कधी विणल्या नव्हत्या. गोफ खाली खाली आला, हातांतले दोर आखूड झाले, आणि आठही जणी खांद्याला खांदा लावून, धापा टाकत चिंचेखाली एकत्र उभ्या राहिल्या.

टाळ्या झाल्या. खेळ संपला असं समजून मिसेस ग्रे उठली आणि पाळकांना इंग्रजीत म्हणाली, "किती गोड गाणं! ईस्टरचंच ना?"

पाळकांनी आईकडे पाहिलं. 'ईस्टर' एवढा शब्द दीनाबाईंनी ओळखला. दोर न सोडता त्या तिथूनच म्हणाल्या, "नाही. हे कृष्णाचं गाणं आहे, गोफाचं जुनं. ईस्टरचं मी रचलं होतं, ते माझ्याकडून पुरं झालं नाही. मिस विनी, त्यांना असंच सांगा."

मिस विनींनी सांगितलं. मडमेच्या भुवया वर गेल्या. मग मिस विनी पाळकांकडे वळल्या. "आमचा खांब तरी कुठं येशूचा हाय, योहान? त्यो येशूच्या आदीपासनं हुबा हाय. आमच्याकडं बी पाद्री लोकांनी एकडाव समदे खांब तोडल्ते. लोकांनी फिरून लावले."

पाळकांनी खुर्ची मागे सारली. ते दीनाबाईंच्या जवळ आले आणि हळू म्हणाले, "तुम्हाला पंचांपुढे यावं लागेल."

"येईन."

"किल्ल्यांचा प्रश्न निघेल."

"निघू दे. आधी हे उलगडू द्या. विणलेला गोफ असा सोडायचा नसतो."

मडमेनं चहाची खूण केली होती. मिस विनींनी हात वर करून तिला थांबवलं. लिडियानं कुजबुजत विचारलं, "बाई, आता कोणते शब्द?"

"ज्या शब्दांनी विणला तेच."

मालनबाईनं पुन्हा सूर लावला. मुली आता मागच्या पावलांनी निघाल्या, शेवटची जोडी आधी, मग तिच्या आधीची. घट्ट वीण पेडापेडानं मोकळी होऊ लागली. खुर्च्यांवरची माणसं पुढे झुकून बघत होती. मिस विनी उभ्या होत्या आणि त्यांना बसायचं भान नव्हतं. पाळक होते तिथंच उभे राहिले, टोपी हातात घेऊन. ते गेले नाहीत.

सर्वांत शेवटी दीनाबाई आणि लिडिया मधोमध आल्या, एकमेकींना ओलांडून आपापल्या जागी गेल्या, आणि आठ काठ फांदीवरून सरळ, सुटे लोंबू लागले. मुली दोर घट्ट धरून दीनाबाईंकडे बघत राहिल्या.

"नमस्कार करा," त्या म्हणाल्या. "मग सोडा."

मुलींनी नमस्कार केला. दीनाबाईंनी पदरानं तोंड पुसलं, दोर सोडला आणि गवतातून चालत पाळकांपाशी गेल्या.

"हं," त्या म्हणाल्या. "आता सांगा, पंचांपुढे कधी यायचं?"