टोपलीखालचं पीठ

मासिकांतली असल्या गूढ अनुभवांची पानं मी आजवर न वाचताच उलटत आलो. माझा विश्वास नव्हता. आता आहे, असंही म्हणवत नाही. तरी लिहितो आहे, कारण हे माझ्या डोळ्यांसमोर घडलं... आणि माझा दादा आता नाही.

आमची वसईच्या किनाऱ्याकडे केळी-पानवेलींची वाडी. मी माणिकपूरला शिक्षक. दादा मात्र जंगलखात्यात लागला आणि डोंगराच्या पायथ्याशी चिंचोटीला खोली घेऊन राहिला. स्वातंत्र्यानंतरची ती वर्षं. कोळशाच्या भट्ट्यांसाठी डोंगर उघडा पडत चालला होता. दादा संध्याकाळी ओढ्याकाठच्या पायवाटेवर चाळलेली माती पसरायचा आणि सकाळी त्यात उमटलेले ठसे वाचायचा. आधी सांबराचे खूर दिसेनासे झाले, मग भेकराचे. उरली एक बिबट्याची मादी. डुकरांसाठी लावलेल्या तारेच्या फासात तिचं एक बोट तुटलं होतं, म्हणून तिचं पाऊल लगेच ओळखू यायचं. पोटासाठी ती गावातल्या शेळ्या नेऊ लागली. सगळ्यात जास्त गेल्या दादाच्या शेजारच्या भिकाच्या.

"तुमचा दादा म्हंजे जनावरांचा तलाठी, मास्तर," भिका मला म्हणायचा. "सगल्यांची नोंद हाय त्याच्याकडं. माझ्या शेल्यांची तेवढी नाय!"

भिकाला हाका घालून, म्हणजे ढोल-डब्यांनी रान उठवून, तिला मारायचं होतं. दादा म्हणे, तिला पिल्लू आहे, ते हिंडतं होईपर्यंत थांब, शेळ्या घरात बांध. एकदा लांबून त्यानं तिचे भरलेले सड पाहिले होते, एवढाच त्याचा पुरावा.

"पिल्लाचं पाऊल दाखव, हाका मोडतो," भिका म्हणाला. "पोरवालीला मी नाय मारनार."

पण मातीत पिल्लाचं पाऊल उमटलं नाही. आणि तशातच दादा हिवतापानं गेला, त्याच खोलीत. खांदा द्यायला भिका पहिला आला. जाताना हळूच म्हणाला, "दहावा होऊ दे, मास्तर. मंग हाका."

आमच्याकडे दहाव्याला, माणूस जिथे गेला तिथे तांदळाचं पीठ पसरून वर टोपली पालथी घालतात. सकाळी पिठात ज्याचा ठसा दिसेल त्या जन्माला तो गेला, असं मानतात. मला पटत नव्हतं, पण आईचं मन मोडवेना. पीठ मीच चाळलं. टोपलीवर पाटा ठेवला. खोलीला कुलूप लावलं. किल्ली आईच्या कनवटीला.

सकाळी हाकेकरी ढोल-डबे घेऊन अंगणात जमले, तेव्हाच आईनं पाटा उतरवून टोपली उचलली.

पिठात एकच पाऊल होतं. गोल, चार बोटांचं, नखं न उमटलेलं.

मी भिकाला आत बोलावलं. तो उकिडवा बसून पिठावर वाकला.

"मांजर असेल," मी म्हणालो.

"येवढं मांजर कुठलं? न् तिचं म्हनावं, तर चारी बोटं हायेत, लहान बी हाय." त्यानं पिठाशेजारी आपली मूठ धरली.

बाहेरून कुणीतरी ओरडलं, "काय रं भिका, शेली परत आली का तुझी?"

"गप ऱ्हा!" मग माझ्याकडे न बघताच तो म्हणाला, "दाखवलं तुमच्या दादानं. मी शबूद दिलावता." तो बाहेर गेला आणि ढोल आले तसे परतले.

मी भिंती, कौलं, बिळं सगळं तपासलं. काही सापडलं नाही. आईनं उतरवेपर्यंत पाटाही जागचा हलला नव्हता.

पुढे कधीतरी ओढ्याकाठच्या चिखलात मला तिच्या पावलांशेजारी लहान पावलं दिसली. म्हणजे पिल्लू होतं, दादाचं खरं होतं — इथवर समजतं. पण बंद टोपलीखाली ते पाऊल कसं उमटलं, याचं उत्तर माझ्याकडे आजही नाही.

आईला ते कधी हवंही नव्हतं. ओढ्यावरचं सांगितलं तेव्हा ती पानवेलीची पानं लावत बसली होती. तिचा हात थांबला.

"झाडं तोडली म्हणतोस, सांबरं गेली म्हणतोस..." ती म्हणाली. "मग तिथं त्याचं पोट भरतं का रे?"