मेलेल्यांच्या वाटची दारू

इनुमारो दारूला शिवत नसे. बायको शिमामे टोमणे मारी, "मठातले भिक्षूसुद्धा चोरून घोट घेतात, आणि हा मोठा सोवळा!" खरं कारण त्यानं फक्त मला, शेजारणीला, सांगितलं होतं.

नारा या नव्या राजधानीत राजवाडा बांधत होते तेव्हा तो मातीकामावर होता. जागेत जुन्या सरदारांची थडगी होती, टेकाडांएवढी. ती सपाट करायची, पण हाडं निघाली तर दुसरीकडे पुरून वर तांदळाची दारू ओतायची, असा दरबारचा हुकूम होता. कडाक्याच्या थंडीत, उपाशीपोटी इनुमारोच्या हाती ते मडकं आलं. हाडं त्यानं नीट पुरली. दारू मात्र स्वतःच प्यायला.

पुढे घरात पोर दगावलं, छप्पर कोसळलं, की तो म्हणे, "वहिनी, ते अजून तहानलेले आहेत."

मी वैतागून म्हणायची, "मेलेले एवढं लक्षात ठेवत असते, तर माझी सासू रोज आली असती!" तो कधी हसला नाही.

परवा तो गेला. त्याच्या मातीवर ओतायला शिमामेनं दारूचं मडकं भरून जावयाकडे दिलं. टेकडीवर त्यानं ते उपडं केलं, तर थेंबही पडला नाही.

"मेल्या, लाज नाही वाटत?" मी खेकसले.

तोंड पुसत तो म्हणाला, "अहो काकू, सासरेबुवा कुठे दारूला शिवायचे?"