विमान शेवटचं कोणी ऐकलं

जानेफळचे उकंडराव लहाने मोठ्या लढाईत होते, पण बंदूक त्यांनी क्वचितच धरली. बंगालच्या पूर्वेला जंगलातल्या एका टेकडीवर सहा जणांची चौकी होती. तिथं बसून विमानांचे आवाज ऐकायचे आणि विमान कुठून आलं, कुठं गेलं, इंजिनं किती, हे वायरलेसवरून मागं कळवायचं. दोन वर्षं त्यांनी हेच केलं. सेहेचाळीस साली सुटून आले आणि घरची आठ एकर जमीन करू लागले. लढाईत काय केलं असं कोणी विचारलं, तर म्हणत, "कान देऊन बसलो होतो." लोक हसत.

त्यांची बायको शालूबाई माझी मावशी. पुढचं बरंचसं तिच्याकडूनच ऐकलेलं.

अठ्ठेचाळीसचा श्रावण होता. मुंबईहून नागपूरला जाणारं प्रवासी विमान रोज सकाळी आमच्या गावावरून जाई. त्या दिवशी आभाळ गच्च भरलेलं. उकंडराव कपाशीतलं तण काढायला डवरा हाकत होते. आवाज नेहमीसारखा मावळतीकडून आला, पण उगवतीकडे गेला नाही. डोक्यावर येऊन वळला, खाली आला आणि उत्तरेला घाटाकडे गेला. ढगांमुळे दिसलं काहीच नाही. बैल थांबवून ते आवाज विरेपर्यंत उभे राहिले.

घरी आल्यावर म्हणाले, "आज इमान रस्ता सोडून गेलं."

"मंग सांगा ना कोणाले तरी," मावशी म्हणाली.

"कोणाले सांगू? तिथं वायरलेस होता. इथं काय हाय?"

भाकर खाऊन ते परत वावरात गेले.

तिसऱ्या दिवशी मेहकरच्या मोटारीनं वर्तमानपत्र आलं. चौदा माणसांसह विमान बेपत्ता. शेवटचा निरोप जालन्याच्या आसपासचा, नंतर काही नाही. मग गावात दुसरा विषय राहिला नाही. आमच्या तालुक्याची हद्द निजामाच्या मुलुखाला लागून, आणि त्या दिवसांत तिकडची हवा बरी नव्हती. त्यामुळे विमान पलीकडे उतरवून घेतलं, हे पहिल्याच दिवशी पक्कं झालं. दुसऱ्या दिवशी ते लोणारच्या तळ्यात बुडालं. तळं पाहायला लोक गाड्या जुंपून गेले आणि पाण्यावर तेल दिसलं म्हणून सांगत आले. शाळेच्या मास्तरांचं म्हणणं वेगळंच होतं. सरकारकडे दिल्लीत एक मोठी काच असते, तिच्यात सगळी विमानं दिसतात. सरकारला सगळं ठाऊक आहे, ते फक्त सांगत नाही.

मोटार थांबायची तिथं हिंमतरावांचं चहाचं हॉटेल होतं. तिथं उकंडराव म्हणाले, "ते उत्तरेले गेलं."

"काऊन जाईन उत्तरेले? नागपूर का तिकडं हाय?" हिंमतरावांनी विचारलं.

"ढगात रस्ता चुकला की वैमानिक रेल्वेचे रूळ शोधते. रूळ सापडले की त्यायच्यावरून चालत जाते. नांदुऱ्याची लाइन तिकडंच हाय."

"तुमी पाह्यलं का पण?"

"नाही. ऐकलं."

"पाहणारे तीस जण हायेत, उकंडराव," हिंमतराव म्हणाले, आणि सगळे पुन्हा लोणारकडे वळले.

सहाव्या दिवशी उकंडराव पायी मेहकरच्या ठाण्यावर गेले. फौजदारापुढे जबान्यांची चळत होती. नागपूरच्या विमानतळावरून एक साहेब जीप घेऊन आले होते. त्यांनी उकंडरावांना वेळ, दिशा आणि उंची विचारली. उकंडरावांनी चौकीवर सांगत तशीच उत्तरं दिली. साहेबांनी लिहून घेतलं आणि म्हणाले, "तुमचं खरं असेल. पण एका माणसाच्या कानावर मी शोध कुठं पाठवू? दक्षिणेकडे पाहिलं म्हणणारे ढीगभर आहेत."

"साहेब, तुमच्याजवळ काच असते म्हणतात."

"कसली काच? वैमानिक दर अर्ध्या तासानं सांगतो, मी अमक्या ठिकाणी आहे. आम्ही नकाशावर खूण करतो. तो बोलायचा थांबला की आमच्या खुणाही थांबतात."

दोन वर्षं चौकीवर काढलेल्या उकंडरावांना हे ठाऊक असायला हवं होतं, पण सरकार कुठून तरी पाहत असेल असं त्यांनाही वाटत होतं. म्हणाले, "मंग दुसरे कान पाहतो."

दुसऱ्या दिवशी उजाडताच ते उत्तरेकडे निघाले. विमान पाहिलं का, असं त्यांनी कोणालाच विचारलं नाही. एव्हाना सगळ्यांनीच पाहिलं होतं. त्या सकाळी तुम्ही काय करत होता, एवढंच विचारायचं आणि गप्प बसायचं. देऊळगावात मनकर्णाबाई म्हणाल्या, "म्या विहिरीवर होती. इतका मोठा आवाज, दोर हातातून सुटला. घागर अजून विहिरीतच हाय."

"कोणीकडून कोणीकडे गेला?"

त्यांनी विहिरीपाशी तशाच उभं राहून हात फिरवला. उकंडरावांनी कागदावर रेघ ओढली. दोन दिवसांत सात गावं झाली. रेघा सगळ्या एकाच बाजूला जात होत्या, आणि प्रत्येक गावात आवाज आधीच्या गावाहून खालून गेलेला.

जंगलाच्या तोंडाशी निवृत्ती गवळ्याचा गोठा होता. त्यानंही आवाज ऐकला होता.

"मंग?"

"मंग थांबला."

"विरला का थांबला?"

निवृत्तीनं हातानं दोर तोडल्यासारखी खूण केली. "थांबला," तो म्हणाला.

तरीही उकंडराव घाट उतरून खाली गेले. घाटाखालच्या तीन गावांत त्या सकाळी कोणीच काही ऐकलं नव्हतं. एकानं जळतं विमान पाहिलं म्हणून शपथ घेतली, पण वेळ संध्याकाळची सांगितली. त्याला सोडून दिलं.

कागद घेऊन ते मेहकरला परतले. साहेबांनी सगळ्या रेघा नकाशावर उतरवल्या, बराच वेळ पाहिल्या आणि त्याच दुपारी माणसं पाठवली. बाराव्या दिवशी विमान एका दरीत सापडलं. वरून सागाची पानं पसरलेली, त्यामुळे जवळ जाईपर्यंत दिसत नव्हतं. चौदापैकी कोणी जिवंत नव्हतं. पण दोघं जण विमानापासून लांब, झाडाला टेकलेले सापडले, आणि एकाच्या पायाला धोतराची पट्टी बांधलेली होती. डॉक्टर म्हणाले, हे दीड-दोन दिवस तरी जगले असावेत. उकंडराव शोध करणाऱ्यांबरोबर होते. त्यांनी ती पट्टी पाहिली. घरी आल्यावर दोन दिवस जेवले नाहीत, असं मावशी सांगायची.

नागपूरला चौकशी झाली तेव्हा त्यांना बोलावणं आलं. विचारलं गेलं, त्याच दिवशी का कळवलं नाही? ते म्हणाले, "कोणाले कळवायचं होतं, साहेब?" तेवढं लिहून घेऊन त्यांना जायला सांगितलं. पण ते स्वतःला त्यातून सोडवू शकले नाहीत. "त्याच दिवशी देऊळगावापर्यंत चालत गेलो असतो तरी दुसरे कान सापडले असते," असं ते मावशीला एकदाच म्हणाले.

पुढच्या थंडीत एक बाई मुंबईहून आली. सुलभा नाव, वैमानिकाची बहीण. तिकडे लोक म्हणत होते, तो प्यालेला होता. काही म्हणत होते, त्याला निजामाच्या माणसांनी फितवलं होतं. विमान सापडलं तरी बोलणं थांबलं नव्हतं. तिनं विचारलं, "तुम्ही नक्की काय ऐकलं?"

"दोन्ही इंजिनं चालू होती, ताई," उकंडराव म्हणाले. "वळण एकसारखं घेतलं. पिऊन असं वळता येत नाही. ते लाइन शोधत होते, आणि बरोबर बाजूले शोधत होते. दहा मिनिटं अजून वर राह्यले असते तर नांदुरा दिसलं असतं."

"हे लिहून द्याल?"

त्यांनी एक पानभर लिहून दिलं. वेळ, दिशा, इंजिनं, आणि खाली सही. माहीत नव्हतं ते, म्हणजे विमान इतकं खाली का आलं, तेही माहीत नाही म्हणून लिहिलं. मावशीनं जेवायला वाढलं. सुलभाताई दुपारच्या मोटारीनं गेल्या.

त्यांची दोन पत्रं आली, मग बंद झाली. त्या पानाचा त्यांना काही उपयोग झाला का, ते आम्हाला कळलं नाही. उकंडराव पुढं वीसेक वर्षं जगले, शेती केली, एकदा गावपंचायतीत निवडून आले. हिंमतरावांच्या हॉटेलात विमान लोणारच्या तळ्यातच बुडालं असं म्हणणारे शेवटपर्यंत होते. उकंडराव तिथं बसून चहा पीत आणि त्यांच्याशी वाद घालत नसत.