तारखांची कोरी चिठ्ठी

ग्रंथपालाला दिवसभर बसून वाचायला मिळतं, अशी माझी ठाम समजूत होती. ग्रंथपालाचा कोर्स केला तोच मुळी त्या आशेनं. कसबा पेठेतल्या एका वाचनालयात नोकरी लागली आणि पहिल्याच आठवड्यात माझे डोळे पांढरे झाले. धूळ झटका, पुस्तकांच्या पाठीवर नंबर चिकटवा, फाटलेली पानं खळ लावून जोडा, परत आलेली पुस्तकं जागेवर लावा. वाचन? कसलं डोंबलाचं वाचन! "अहो, वाचायला वाचक आहेत. आपण कशाला त्रास घेता?" असं आमचे सचिव म्हणाले, तेही चेहऱ्यावर हसू न आणता.

दोन वर्षांनी कपाटं ओसंडायला लागली, तेव्हा सचिवांनी मला जुनी पुस्तकं रद्द करायला सांगितलं. नियम सोपा होता. पुस्तकाच्या शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी चिकटवलेली असते. पुस्तक घरी दिलं की तिच्यावर तारखेचा शिक्का मारायचा. पाच वर्षांत एकही शिक्का नसेल तर पुस्तक बाद. मी पदर खोचून भिडले. मागचं पान उघडायचं, चिठ्ठी बघायची, 'रद्द'चा शिक्का मारायचा, की पुढचं. चार दिवसांत पोतीच्या पोती भरली आणि रद्दीवाला ती घेऊन गेला. खरं सांगते, मला स्वतःचा भारी अभिमान वाटला.

शनिवारी तांब्याची भांडी घडवणारे एक म्हातारे कारागीर आले. ते दर शनिवारी यायचे, पेठेतल्या जुन्या धंद्यांवरचं एक जाडजूड पुस्तक मागायचे, टेबलाशी बसून बघायचे आणि परत द्यायचे. घरी कधी नेलं नाही. नातवंडं फाडतील म्हणायचे. मी सवयीनं कपाटाशी गेले, तर जागा रिकामी! चिठ्ठी कोरीच असणार ना त्याची! दर शनिवारी ज्या हातानं काढून दिलं, त्याच हातानं मी ते रद्द केलं होतं. इतकी कशी मी आंधळी?

त्यांना बसवून मी तशीच रद्दीवाल्याकडे धावले. त्यानं पुठ्ठे एकीकडे आणि कागद एकीकडे केले होते. कागद सकाळीच गाडीत भरून गेला होता. मला नुसता पुठ्ठा मिळाला.

परत येऊन खरं काय ते सांगून टाकलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं.

"त्यात आमच्या वडिलांचा फोटो होता," ते म्हणाले. "घागर ठोकताना. घरी दुसरा एकही नाही. पोरांना एकदा आणून दाखवीन म्हणत होतो, ते राहूनच गेलं."

ते थोडा वेळ पुठ्ठ्यावरून हात फिरवत बसले. मग एकदम आशेनं माझ्याकडे बघून म्हणाले, "बाई, तुम्ही तरी पाहिला असेल ना? इतक्यांदा काढून दिलंत."

ते पुस्तक मी एकदाही पुढून उघडलं नव्हतं. तसं सांगावं लागलं त्यांना.