छापायची एक ओळ

"कोट्यातलं डोकं एका वेळी एकच काम करतं. म्हणून हिला लॉक हवंय."

टीम लीड हे भर मीटिंगमध्ये म्हणाले. सगळे हसले. मीही ओठ ताणले. त्याची लाज अजून गेलेली नाही.

चिकलठाण्याच्या आमच्या ऑफिसात एक इंटरप्रिटर तयार होत होता: कारखान्यातल्या प्रेस मशीनसाठी लिहिलेल्या सूचना वाचून त्या अमलात आणणारा प्रोग्रॅम. त्यात दोन थ्रेड, म्हणजे कामाचे दोन स्वतंत्र धागे, एकाच वेळी चालतात. एक थ्रेड सेन्सर वाचून कामगाराचा हात आत आहे की नाही याची नोंद ठेवतो. दुसरा ती नोंद पाहून प्रेसचा जड दट्ट्या खाली सोडतो. पहिला नोंद बदलत असताना दुसऱ्यानं ती वाचू नये, यासाठी लॉक. वेग वाढावा म्हणून लीडनी ते काढलं. मी 'राहू द्या' म्हटलं, त्यावरच ते कोट्याचं बोलले होते.

मी चाचणी घेतली. हजारो फेऱ्या सुरळीत. मग एकदा, हात आत असताना, दट्ट्या सुटला. संगणकावरच, पण सुटला.

कारण शोधायला लीडनी मधे एक ओळ टाकली, प्रत्येक नोंद पडद्यावर छापायची. चूक दिसेनाशी झाली.

"झालं दुरुस्त! राहू दे ती ओळ."

दुरुस्त काहीच झालं नव्हतं. छापण्यात क्षणभर जात होता आणि तेवढ्यात पहिला थ्रेड नोंद पुरी करत होता, एवढंच. चूक तिथंच दबा धरून बसली होती.

मशीन सुरक्षित असल्याचा अहवाल सहीसाठी आला. 'तपासणी करणार' या रकान्यात माझं नाव आधीच टंकलेलं. शेजारची शबाना कुजबुजली, "कर दे ना साइन, बावली. नौकरी जाती तेरी."

माझे वडील शेंद्र्याला प्रेसवर होते. उजव्या हाताला तीन बोटं. करमाडच्या घरात तो हात रोज माझ्यासमोर भाकरी मोडतो. त्यांचं मशीनही कागदावर तपासलेलंच होतं.

मी लीडच्या टेबलाशी गेले.

"सर, ती ओळ काढा. मशीन चालू करून स्वतःचा हात आत घाला. मी लगेच सही करते."

या वेळी कुणी हसलं नाही.

"फार बोलायला लागलीस."

"व्हय, सर."

घरचा हा शब्द ऑफिसात मी पहिल्यांदाच उच्चारला.

टंकलेलं नाव खोडलं. खाली स्वतःच्या अक्षरात लिहिलं: 'लॉकशिवाय, हात आत असताना दट्ट्या सुटतो.' त्याखाली सही केली. एक प्रत कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्याला पाठवली. उत्तर आलेलं नाही.

सोमवारी कारखान्यात मशीन बसणार आहे. तोवर माझी नोकरी असेल, नसेल. मी त्या मशीनसमोर उभी असेन. लॉक नसेल, तर ते चालू होऊ देणार नाही.